नुकसान कशास म्हणावे? : महामारीतील शेती-साहाय्याची परिभाषा

१

संकटकाळी शासन शेतकऱ्यास जो पैसा देते त्यास मराठीत अनेक नावे आहेत. वृत्तपत्रे त्यास मदत म्हणतात, शेतकरी भरपाई मागतो, सरकारी ठराव अनुदान मंजूर करतो. कधी कधी 'सानुग्रह साहाय्य' असा शब्दही कागदोपत्री येतो, आणि जुन्या पिढीच्या तोंडी 'तगाई' हा शब्द असे. हे सारे शब्द व्यवहारात एकमेकांच्या जागी वापरले जात असले तरी त्यांची पूर्वगृहीते एक नाहीत. 'भरपाई' म्हटले की कोठेतरी काही रिते झाले आहे, त्याचे माप घेता येते आणि त्या मापाइतके भरावयाचे आहे, असे आपण गृहीत धरतो. 'मदत' या शब्दात गरज गृहीत आहे, माप नाही. 'अनुदान' पात्रतेवर उभे असते. 'सानुग्रह' या शब्दात देणाऱ्याची कृपा आहे, म्हणजेच घेणाऱ्याचा हक्क नाही. तगाई तर कर्जच होय. ती फेडावयाची असते. शब्द बदलला की प्रश्नही बदलतो: किती गेले? किती हवे? कोण पात्र? कोणाची मर्जी?

हा भेद केवळ कोशकाराच्या उपयोगाचा आहे असे कोणास वाटेल. परंतु पैसा वाटण्याची वेळ येते तेव्हा प्रत्येक शब्दास व्याख्या द्यावी लागते, आणि व्याख्या ठरली की काही माणसे तिच्या आत राहतात व काही बाहेर. प्रस्तुत लेखात या क्रियेचे एक अर्वाचीन उदाहरण तपासावयाचे आहे. २०२० च्या कोरोना-महामारीत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी आपल्या शेतकऱ्यांना, त्यांत स्थानिक बाजारास माल पुरविणाऱ्या लहान शेतकऱ्यांना व लिंबूवर्गीय फळांच्या बागाईतदारांना, थेट पैसे दिले. या योजनेच्या आर्थिक यशापयशाचा निर्णय अर्थशास्त्रज्ञांनी करावा. भाषेच्या अभ्यासकास तिच्यात जे दिसते ते असे की, अवघ्या तीन वर्षांत 'नुकसान' या एकाच संकल्पनेच्या तीन निरनिराळ्या व्याख्या तेथे करण्यात आल्या, आणि प्रत्येक व्याख्येबरोबर लाभार्थी बदलले.

२

प्रथम घटनाक्रम पाहू. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची साथ ही महामारी असल्याचे जाहीर केले. त्याच महिन्याच्या २७ तारखेस अमेरिकेत 'केअर्स' या नावाने ओळखला जाणारा कायदा संमत झाला. या कायद्याने कृषिखात्याच्या हाती शेती-उत्पादकांच्या साहाय्यासाठी साडेनऊ अब्ज डॉलर दिले. ही रक्कम कोणासाठी, हे सांगताना कायद्याने तीन गटांचा नावाने उल्लेख केला: 'विशेष पिकां'चे उत्पादक, शेतकरी-बाजार, उपाहारगृहे व शाळा यांसारख्या स्थानिक अन्नव्यवस्थांना माल पुरविणारे उत्पादक, आणि दुग्धव्यवसायासह पशुपालन करणारे.

यांतील 'विशेष पिके' ही संज्ञा क्षणभर थांबून पाहण्याजोगी आहे. अमेरिकन कायद्यात २००४ पासून या संज्ञेस निश्चित अर्थ असून फळे, भाज्या, कवचफळे, सुकी फळे, फुले व रोपवाटिकेतील उत्पादने तिच्यात मोडतात. वास्तविक रोजच्या ताटात जे पडते त्यास 'विशेष' म्हणावे हे चमत्कारिक आहे. भाषाशास्त्रात चिन्हित व अचिन्हित असा जो भेद करतात तो येथे उपयोगी पडतो. मका, गहू, सोयाबीन, कापूस ही त्या देशाच्या कृषिधोरणातील अचिन्हित पिके. 'पीक' म्हटले की तीच प्रथम डोळ्यांसमोर येतात, आणि त्यांच्यासाठी आधारभावाची व साहाय्याची यंत्रणा अनेक दशके चालत आली आहे. फळे व भाज्या चिन्हित; त्यांचा उल्लेख करावयाचा तर विशेषण लावावे लागते. ज्यास विशेषण लावावे लागते त्यासाठी मोजमापाची व्यवस्थाही तयार नसते, याचा प्रत्यय पुढे लवकरच आला.

कायद्यातील या रकमेत दुसऱ्या एका शासकीय निधीची भर घालून कृषिखात्याने १७ एप्रिल २०२० रोजी एकूण १९ अब्ज डॉलरची योजना घोषित केली. तिच्यापैकी १६ अब्ज थेट शेतकऱ्यांना द्यावयाचे होते. उरलेले ३ अब्ज ताजी फळे, भाज्या, दूध व मांस विकत घेऊन गरजू कुटुंबांना खोक्यांतून वाटण्यासाठी होते. थेट साहाय्याच्या भागास 'कोरोनाव्हायरस फूड असिस्टन्स प्रोग्रॅम' असे नाव मिळाले आणि आद्याक्षरांवरून 'सीफॅप' हा शब्द रूढ झाला. २६ मे २०२० पासून अर्ज घेण्यास प्रारंभ झाला. अर्जदाराने आपली माहिती आपणच प्रमाणित करावयाची होती. मागितल्यास पुरावा दाखवावयाचा होता. मंजूर रकमेपैकी ८० टक्के प्रथम व उरलेली पुढे, निधी शिल्लक राहील त्याप्रमाणे, असा क्रम ठरला होता. ऑगस्टमध्ये ती उरलेली २० टक्के रक्कमही देण्याचे जाहीर झाले.

३

पहिल्या व्याख्येकडे वळू. सीफॅपच्या पहिल्या फेरीत नुकसान म्हणजे प्रामुख्याने किंमतीतील घट होय. जानेवारी २०२० च्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत ज्या पिकाचा भाव ५ टक्के वा त्याहून अधिक उतरला, त्या पिकाच्या उत्पादकाचे नुकसान झाले असे मानण्यात आले. विशेष पिकांच्या बाबतीत तीन प्रकार करण्यात आले. पहिला, माल विकला गेला पण उतरत्या भावाने. दुसरा, माल शेतातून निघाला पण बाजार बंद झाल्यामुळे वाटेतच नासला वा त्याचे पैसे आले नाहीत. तिसरा, माल शेताबाहेर पडलाच नाही किंवा पिकलेले पीक तोडलेच गेले नाही. प्रत्येक पिकास प्रत्येक प्रकारासाठी दर पौंडास अमुक सेंट असा दर ठरविण्यात आला.

या रचनेतील पहिली अडचण नामाची होती. पौंडाचा दर लावावयाचा तर पिकाचे नाव यादीत हवे. आणि नाव यादीत यावयाचे तर त्याच्या भावाची राष्ट्रीय नोंद कृषिखात्याजवळ हवी. लिंबूवर्गीय फळांपैकी ऑरेंज, ग्रेपफ्रूट, लेमन व टॅंजरिन ही चार पहिल्या यादीत होती. यांपैकी टॅंजरिनला पहिल्या प्रकारात, म्हणजे भाव उतरल्याबद्दलच्या साहाय्यात, आरंभी स्थान नव्हते; लोकांकडून मागविलेल्या माहितीचा विचार झाल्यावर जुलै २०२० मध्ये ते देण्यात आले. त्याच वेळी कोथिंबीर, भेंडी, पेरू, पुदिना अशी अनेक नावे यादीत प्रथमच आली. ऑगस्टमध्ये आणखी नावे दाखल झाली, आणि त्यांत महाळुंग, पपनस, कुमक्वॉट व टॅंजेलो ही लिंबूकुळातील फळे होती. त्यांच्या सोबतीला कढीलिंबाची पाने व हळदही होती.

टॅंजेलोचे उदाहरण बोधप्रद आहे. टॅंजरिन व पपनस वा ग्रेपफ्रूट यांच्या संकरातून हे फळ निपजले, आणि टॅंजरिन व पोमेलो या दोन शब्दांचा संकर करूनच त्याचे नाव घडविण्यात आले. त्याचा मिनिओला हा प्रसिद्ध वाण डंकन ग्रेपफ्रूट व डॅन्सी टॅंजरिन यांच्यापासून झालेला आहे. आता बागाईतदाराच्या दृष्टीने टॅंजरिनचे झाड व शेजारचे टॅंजेलोचे झाड यांच्यावर एकच संकट कोसळले होते. परंतु मे महिन्यात एका झाडास यादीत नाव होते व दुसऱ्यास नव्हते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने लिंबूकुळातील बहुतेक फळे संकरजन्यच आहेत, त्यांच्या सीमा धूसर आहेत. पण शासकीय यादीस धूसर सीमा परवडत नाहीत. जे. एल. ऑस्टिन यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत, काही वाक्ये वस्तुस्थितीचे वर्णन करीत नसून उच्चारानेच एखादी गोष्ट घडवून आणतात, असे दाखविले होते. राजपत्रातील यादी ही अशीच उक्ती होय. टॅंजेलो हे फळ आहे हे ती सांगत नाही. या योजनेपुरते ते फळ आहे असे ती करून टाकते.

मराठी वाचकास हा नामभेद परका वाटू नये. इंग्रजी 'ऑरेंज' या शब्दाचा माग काढीत गेले तर फ्रेंच, अरबी व फारसी या भाषांतून आपण संस्कृत 'नारङ्ग' या शब्दापर्यंत, म्हणजे आपल्या नारिंगापर्यंत, येऊन पोहोचतो. परंतु शब्दाचा प्रवास व वस्तूचा प्रवास नेहमी बरोबरीने होत नाही. आपण ज्यास नागपुरी संत्रे म्हणतो आणि इंग्रजीत ज्यास 'नागपूर ऑरेंज' म्हणतात ते शास्त्रीय वर्गीकरणात मॅंडरिन आहे, म्हणजे टॅंजरिनचे सगोत्र; अमेरिकन यादीतील 'ऑरेंज' म्हणजे गोड संत्र्याचा जो वर्ग, त्याच्याशी सख्य आहे ते आपल्या मोसंबीचे. भाषांतरकाराने 'ऑरेंज' शब्दापुढे डोळे मिटून 'संत्रे' लिहिले तर एका वर्गाचे पैसे दुसऱ्या वर्गाच्या नावावर पडतील. कोशातील प्रतिशब्द व नियमातील प्रतिशब्द यांत हे अंतर असते.

४

दुसरी अडचण सरासरीची होती, आणि ती अधिक खोल होती. राष्ट्रीय सरासरी भाव हा सर्व विक्रीमार्गांची बेरीज करून एक आकडा देतो. महामारीने मात्र निरनिराळ्या मार्गांवर निरनिराळे आघात केले. उपाहारगृहे व शाळा बंद झाल्या, त्यामुळे त्यांना माल पुरविणाऱ्यांचा धंदा बसला. लेमनची मोठी मागणी उपाहारगृहांकडून येत असे, ती घटली. उलट लोक घरी बसल्यामुळे २०२० च्या वसंतात किरकोळ दुकानांतून संत्र्याच्या रसाची खरेदी वाढली. फ्लोरिडातील संत्र्यांपैकी सुमारे ९० टक्के रसासाठीच जातात. म्हणजे एकाच फळाच्या एकाच हंगामात एकाचा बाजार गेला व दुसऱ्याचा वाढला. दोघांच्या अनुभवाची सरासरी काढली तर ती दोघांपैकी कोणाचाच अनुभव सांगत नाही.

फ्लोरिडाच्या बागाईतदाराचे दुःख तर या व्याख्येच्या कक्षेबाहेरचेच होते. २००३-०४ च्या हंगामात त्या राज्यात संत्र्याच्या २४ कोटींहून अधिक पेट्या पिकल्या होत्या. पेटी म्हणजे ९० पौंड. २००५ मध्ये तेथे 'ग्रीनिंग' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जीवाणुजन्य रोगाचा शिरकाव आढळला, आणि २०१९-२० च्या हंगामापर्यंत उत्पादन सुमारे पावणेसात कोटी पेट्यांवर आले. महामारीपूर्वीच ज्याची बाग अर्धी वाळली होती त्याने अर्जात काय लिहावे? महामारीने त्याचे किती नेले आणि रोगाने किती? 'महामारीमुळे' या शब्दातील कारणवाचक प्रत्ययाने हा हिशेब मागितला होता. झाडास तो ठाऊक नव्हता.

स्थानिक शेतकऱ्याची अडचण उदाहरणाने स्पष्ट होईल. दोन बागाईतदार आहेत अशी कल्पना करू; दोघेही वर्षास २०,००० पौंड फळ पिकवितात. पहिला आपला माल घाऊक व्यापाऱ्यास ४० सेंट पौंडाने देतो. त्याची विक्री ८,००० डॉलर. दुसरा दर आठवड्यास शेतकरी-बाजारात स्वतः उभा राहून २ डॉलर पौंडाने विकतो. त्याची विक्री ४०,००० डॉलर. बाजार बंद पडला व दोघांचाही पौंडभर माल नासला, तर दर-पौंडाच्या हिशेबात दोघांस सारखेच सेंट मिळतात. पण पहिल्याचे पौंडामागे ४० सेंट बुडाले आहेत व दुसऱ्याचे २ डॉलर. दर ठरविताना आधार घेतला होता तो घाऊक बाजाराच्या नोंदींचा. कायद्याने ज्यांचे नाव घेतले होते त्या स्थानिक अन्नव्यवस्थेचे उत्पादक नियमाच्या मोजपट्टीवर जवळजवळ अदृश्य झाले, ते अशा रीतीने. शिवाय ज्याच्या शेतात वीस प्रकारच्या भाज्या थोड्या थोड्या पिकतात त्यास वीस नावे, वीस दर व वीस हिशेब मांडावे लागत. अल्पभूधारकांच्या व शाश्वत शेतीच्या संघटनांनी या रचनेवर याच मुद्द्यांवरून टीका केली होती.

५

सप्टेंबर २०२० मध्ये १४ अब्ज डॉलरपर्यंतची दुसरी फेरी जाहीर झाली; २१ सप्टेंबर ते ११ डिसेंबर अशी तिची मूळ मुदत होती. या फेरीत विशेष पिकांसाठी 'नुकसान' या संकल्पनेची व्याख्याच बदलण्यात आली. पौंड गेला, भावातील घट गेली. त्यांच्या जागी २०१९ सालची विक्री आली. त्या वर्षी उत्पादकाने जितक्या डॉलरची विक्री केली असेल तिचा ठराविक हिस्सा त्यास मिळावयाचा होता. विक्रीच्या पहिल्या ४९,९९९ डॉलरवर १०.६ टक्के, त्यापुढे ९९,९९९ पर्यंतच्या भागावर ९.९ टक्के, ४,९९,९९९ पर्यंत ९.७ टक्के, ९,९९,९९९ पर्यंत ९ टक्के व त्यावरील भागावर ८.८ टक्के असे उतरते दर होते. ज्याची २०१९ ची विक्री १,२०,००० डॉलर होती त्यास या हिशेबाने सुमारे १२,१९० डॉलर मिळतील. आपल्या वरील उदाहरणातील पहिल्या बागाईतदारास ८४८ डॉलर व शेतकरी-बाजारात उभ्या राहणाऱ्या दुसऱ्यास ४,२४० डॉलर मिळतील.

स्थानिक शेतकऱ्यास या बदलाचा लाभ झाला हे उघड आहे. नावांची अडचणही बरीचशी सुटली, कारण २३० हून अधिक फळे, भाज्या व बागायती पिके एका विक्रीच्या आकड्याखाली आली. टॅंजरिन व टॅंजेलो यांतील भेदास आता किंमत उरली नाही. तथापि या सोयीसाठी काय सोडून द्यावे लागले हेही पाहिले पाहिजे. २०१९ ची विक्री हे २०२० च्या नुकसानीचे माप नव्हे. ज्याची विक्री महामारीत वाढली त्यासही त्याच दराने पैसे मिळणार होते. ज्याची पूर्ण बुडाली त्यासही तेवढेच. येथे 'भरपाई' हा शब्द अर्थतः गळून पडला. जे उरले त्यास गतवर्षीच्या उलाढालीच्या प्रमाणातील अनुदान म्हणणे अधिक यथार्थ होईल. आणि दर उतरते असले तरी रक्कम चढतीच राहते: ज्याची उलाढाल मोठी त्याचे साहाय्य मोठे.

'विक्री' हा शब्द तरी सरळ होता काय? नियमाप्रमाणे विक्रीत केवळ कच्चा, स्वतः पिकविलेला माल धरावयाचा होता. प्रक्रिया व वेष्टन यांमुळे वाढलेले मूल्य, तसेच दुसऱ्याकडून घेऊन विकलेला माल वगळावयाचा होता. म्हणजे बागेतील फळ बाजारात मांडले तर ती विक्री. त्याच फळाचा मुरंबा करून बरणी विकली तर फळाच्या किंमतीपुरती विक्री, बाकीची नाही. लहान शेतकऱ्यास तगवून धरणारी मिळकत पुष्कळदा त्या बरणीतच असते. उलटपक्षी डिसेंबर २०२० मध्ये संमत झालेल्या कायद्यास अनुसरून पुढे या विक्रीच्या हिशेबात पीकविम्याची मिळालेली रक्कमही धरण्याची मुभा मिळाली. जे कधी विकलेच गेले नाही, किंबहुना जे पिकलेच नाही, त्याचा विमा 'विक्री'त मोडू लागला. २०१९ मध्ये आपत्ती सोसलेल्या शेतकऱ्यास न्याय देण्यासाठी ते आवश्यक होते. नियमातील शब्द आपल्या व्यवहारातील अर्थापासून किती दूर जाऊ शकतो, आणि कधी कधी न्यायासाठीच त्यास दूर जावे लागते, याचे हे चांगले उदाहरण होय.

नवे प्रशासन आल्यानंतर एप्रिल २०२१ पासून या फेरीचे अर्ज पुन्हा घेण्यात आले व १२ ऑक्टोबर २०२१ पर्यंत मुदत देण्यात आली. पूर्वी ज्यांच्यापर्यंत योजना पोहोचली नव्हती अशा लहान व उपेक्षित उत्पादकांना अर्ज करता यावा, हा त्यामागील एक हेतू होता.

६

तिसरी व्याख्या २०२३ मध्ये आली. जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालेल्या महसूल-साहाय्य योजनेत २०२० सालच्या एकूण शेती-उत्पन्नाची २०१८ किंवा २०१९ या वर्षांपैकी उत्पादक निवडील त्या वर्षाशी तुलना करावयाची होती. घट १५ टक्के वा अधिक असेल तरच तो पात्र. येथे पीक दिसेनासे झाले, भावही दिसेनासा झाला. समोर राहिले ते एका शेतकऱ्याचे वर्षभराचे उत्पन्न. अनुभवाच्या दृष्टीने हीच व्याख्या 'नुकसान' या शब्दाच्या रोजच्या अर्थाशी सर्वांत जवळची आहे. शेतकरी आपले नुकसान सांगतो ते 'यंदा घरात इतके कमी आले' असेच सांगतो. राष्ट्रीय सरासरीचा आकडा त्याच्या बोलण्यात येत नाही. पण ही व्याख्या संकट कोसळल्यावर जवळजवळ तीन वर्षांनी आली, आणि तिच्यासाठी दोन वर्षांचे नीट ठेवलेले हिशेब लागत.

तिन्ही व्याख्या शेजारी ठेवल्या म्हणजे एक क्रम दिसतो. पहिली व्याख्या वस्तूविषयी बोलते: लेमनचे काय झाले? दुसरी व्यवहाराविषयी: तुझी उलाढाल किती होती? तिसरी व्यक्तीविषयी: तुझे काय झाले? जसजशी व्याख्या माणसाजवळ येते तसतशी ती अधिक न्याय्य होते, पण तितकीच मंद व कागदपत्रांवर अवलंबून राहणारी होते. शीघ्रता व यथार्थता यांचे हे वैर कोणत्याही शासनास टाळता आलेले नाही. ज्यास मे महिन्यात बियाण्याचे पैसे द्यावयाचे आहेत त्यास तीन वर्षांनंतरची अचूक व्याख्या पुरी पडत नाही. आणि मे महिन्यातील ढोबळ व्याख्येत त्याचे फळच नसेल तर ती शीघ्रताही त्याच्या उपयोगाची नाही.

७

आता उरतो तो सर्वांत महत्त्वाचा शब्द: ज्यास द्यावयाचे तो कोण? सीफॅपने 'उत्पादक' म्हणजे पीक घेण्याच्या जोखमीत ज्याचा वाटा आहे व विक्रीयोग्य मालात ज्याचा हिस्सा आहे तो, अशी व्याख्या केली. जमीन स्वतःची असो वा खंडाने घेतलेली, जोखीम ज्याची तो उत्पादक. 'व्यक्ती' या शब्दात मंडळ्याही आल्या: एका व्यक्तीस जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर, परंतु मंडळीतील तीन भागीदार प्रत्येकी ४०० तास प्रत्यक्ष श्रम वा व्यवस्थापन करीत असतील तर त्या एका मंडळीस साडेसात लाखांपर्यंत.

जोखीम हा निकष वरवर निर्दोष वाटतो. परंतु जोखीम कशाची? साथीच्या दिवसांत बागेत फळे तोडणाऱ्या मजुराची जोखीम प्राणाची होती. बाजाराची नव्हती, म्हणून तो उत्पादक ठरला नाही. शेतमजूर व अन्नप्रक्रिया-कामगार यांच्यासाठी वेगळी योजना पुढे आली आणि तिच्यातून प्रत्येकी ६०० डॉलर एकदाच देण्याचे ठरले. एकाच बागेतील दोन माणसांस दोन निरनिराळ्या योजनांत, दोन निरनिराळ्या वर्षी व दोन निरनिराळ्या मापांनी साहाय्य मिळाले, याचे मूळ एका शब्दाच्या व्याख्येत आहे.

आपल्याकडील उदाहरण याच्याशी ताडून पाहणे उचित होईल. २६ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने महामारीतील साहाय्य म्हणून प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचा २,००० रुपयांचा हप्ता एप्रिलच्या आरंभीच देण्याचे जाहीर केले. सुमारे ८ कोटी ७० लाख शेतकऱ्यांस तो मिळावयाचा होता. ही योजना महामारीपूर्वीची, २०१९ ची. तिच्यात नुकसानीचा प्रश्नच नाही; वर्षास ६,००० रुपये तीन हप्त्यांनी, सर्वांस समान. म्हणून ती शीघ्र ठरली. तिचा निकष आहे जमिनीचा: भूमिअभिलेखात ज्या कुटुंबाच्या नावे लागवडयोग्य जमीन आहे ते शेतकरी-कुटुंब. मराठीतील 'शेतकरी' हा शब्द मात्र, त्याची घडण पाहता, शेत करणाऱ्याचा वाचक आहे, शेत असणाऱ्याचा नव्हे. जो दुसऱ्याची मोसंबीची बाग खंडाने करतो तो शब्दाच्या अर्थाने पुरा शेतकरी असून सातबाऱ्यावरील मालकीच्या अभावी योजनेच्या अर्थाने शेतकरी नाही. अमेरिकन नियमाने त्यास उत्पादक मानले असते, पण त्याच्या फळाचे नाव, भाव व विक्री विचारली असती. आपल्या नियमाने यांपैकी काहीच विचारले नाही; फक्त उतारा मागितला. दोन्ही नियमांस आपापली सोय आहे आणि दोन्हींच्या बाहेर राहणारी माणसे वेगवेगळी आहेत.

८

या विवेचनातून आमच्या शास्त्राच्या विद्यार्थ्यांस एक कार्यक्षेत्र सुचते. परिभाषेचा अभ्यास म्हणजे इंग्रजी संज्ञांस मराठी प्रतिशब्द देणे, एवढाच संकुचित अर्थ आपण बहुधा घेतो. प्रतिशब्द देणे हे काम आवश्यकच आहे. परंतु संज्ञेच्या व्याख्येत कोणती पूर्वगृहीते दडली आहेत, तिचे माप कोणत्या एककात घेतले आहे, आणि व्यवहारातील अर्थाशी तिचे अंतर किती आहे, हे तपासणे त्याहून कमी आवश्यक नाही. गारपीट, अवर्षण वा रोगराई यांनंतर निघणारे शासकीय ठराव मराठीतच असतात. 'बाधित', 'पंचनामा', 'पात्र क्षेत्र', 'बहुवार्षिक फळपीक' हे त्यांतील शब्द आहेत. त्या प्रत्येकाची वरीलप्रमाणे चिकित्सा करावयास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. ठराव शेवटपर्यंत वाचण्याची चिकाटी आणि ज्याच्यासाठी तो काढला आहे त्या माणसाचे बोलणे ऐकण्याची तयारी मात्र लागते. अशा अभ्यासाने पैसा वाढणार नाही. ठराव काढण्यापूर्वी त्यातील शब्द कोणास बाहेर ठेवतो एवढे जरी सांगता आले, तरी मे महिन्यात राहून गेलेले नाव यादीत येण्यास ऑगस्टची वाट पाहावी लागणार नाही.